प्रश्नचिन्हाखालची टीप: फैजपूरच्या निमित्ताने इतिहासलेखनातील प्रश्नांविषयी



आजचा विषय पत्रिकेवर वाचताना कोरडा वाटला असेल. इतिहासाच्या निबंधात प्रश्न कसा विचारावा, आणि संदर्भपद्धती पाळताना त्या प्रश्नाचं काय करावं, असा तो विषय आहे. व्याकरणाचा तास होणार, असं काहींना वाटलं असेल. थोडं व्याकरण येईलही. पण त्याआधी आपण फैजपूरला जाऊ, कारण हा विषय हवेत बोलण्यासारखा नाही. हातात एखादं गाव, एखादी तारीख आणि दोन-चार कागद असले, की तो आपोआप उलगडतो.

फैजपूरच्या अधिवेशनावर लिहिलेले विद्यार्थ्यांचे निबंध आम्ही वाचत असतो. त्यांतली तीन वाक्यं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हापुन्हा भेटतात. सुरुवातीला असतं, "फैजपूर म्हटले की 1936 कोणाला आठवत नाही?" मधेच येतं, "एवढ्या दुर्गम खेड्यात लोकसहभागाशिवाय हे शक्य झाले असते का?" आणि शेवटी, "या इतिहासाचा आपल्याला विसर पडला नाही ना?"

तीन वाक्यं, तीन प्रश्नचिन्हं, आणि तिन्हींखाली एकही टीप नाही. विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणतो, "सर, प्रश्नाला कसली टीप? टीप विधानाला लागते." आजचं आमचं सगळं व्याख्यान या एका उत्तराबद्दल आहे. आमचं म्हणणं असं, की प्रश्न ही वहीत मांडलेली उधारी असते. विधान म्हणजे रोखीचा व्यवहार, पुरावा तिथल्या तिथे मोजून द्यायचा. प्रश्न विचारला म्हणजे पुरावा पुढे देतो असं वाचकाला कबूल केलं. ती उधारी फेडायची नसेल, तर प्रश्न मांडू नये.

आता ती तीन वाक्यं बघू. पहिलं आणि तिसरं निरुपद्रवी आहे. ते सभेतले प्रश्न आहेत. वक्ता विचारतो, श्रोते मान डोलावतात, काम झालं. आम्हीही आत्ता बोलताना असे प्रश्न विचारू. पण निबंधाचा वाचक मान डोलवायला समोर बसलेला नसतो. तिथे हा प्रश्न नुसती जागा अडवतो.

मधला प्रश्न मात्र घातक आहे. त्याच्या पोटात दोन विधानं लपली आहेत. एक, फैजपूर दुर्गम होतं. दोन, लोकांचा सहभाग मोठा होता. लेखकाने ही दोन वाक्यं पूर्णविराम देऊन लिहिली असती, तर परीक्षकाने लगेच समासात लिहिलं असतं, "आधार?" प्रश्नाच्या पदराआड ती सुटली. आता पहिलं विधान तपासू. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सावदा हे स्टेशन आहे, आणि सावदा म्हणजे फैजपूरचं शेजारचं गाव. भुसावळ तर मोठं जंक्शन. मग दुर्गम कशाला म्हणायचं? दुसरं विधान बहुधा खरं आहे, पण बहुधा खरं असलेल्या गोष्टीला तर पुरावा सापडायला हवा. प्रश्नचिन्ह लावून पुरावा टाळला, की खरी गोष्टसुद्धा अफवेसारखी दिसायला लागते.

म्हणून पहिली कसोटी ही. आपला प्रश्न पुसून त्या जागी साधं विधान लिहून पाहा. विधान लिहायची हिंमत होत नसेल, तर तो प्रश्न पळवाट आहे. आणि विधान होतच नसेल, खरोखर माहीत नसेल, तर तो प्रश्न खरा आहे. तो ठेवा आणि त्याच्या मागे लागा.

मागे लागायचं म्हणजे काय, ते फैजपूरवरच दाखवतो.

आपल्याला ठाऊक असलेलं आधी मांडू. डिसेंबर 1936 च्या अखेरीस तेव्हाच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खानदेशातून धनाजी नाना चौधरींनी या अधिवेशनासाठी अपार मेहनत घेतली, साने गुरुजीही प्रचारासाठी हिंडले. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस सजावटीसाठी आले. अधिवेशनाच्या नगराला टिळकनगर हे नाव दिलं. शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव इथे झाला. आणि हे काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन, असं आपण सगळे म्हणतो.

एवढ्या सरळ माहितीतही प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न अगदी बाळबोध आहे: 1936 चं कोणतं अधिवेशन?

हसू नका. 1936 या एका वर्षात काँग्रेसची दोन अधिवेशनं झाली. एप्रिलमध्ये लखनौला आणि डिसेंबरमध्ये फैजपूरला. दोन्हीचे अध्यक्ष नेहरूच. दोन्हीकडे त्यांनी अध्यक्षीय भाषण केलं. आता निबंधात कंसात नुसतं "नेहरू 1936" लिहिलं, तर वाचकाने कुठलं भाषण उघडायचं? समाजवादाची उघड बाजू मांडणारं लखनौचं भाषण प्रसिद्ध आहे. त्यातलं एखादं वाक्य फैजपूरच्या नावावर गेलं, तर लेखकाने फैजपूरच्या शेतकऱ्यांपुढे नेहरूंच्या तोंडी असं काही घातलं, जे ते आठ महिने आधी दुसऱ्या प्रांतात बोलले होते. लेखक-वर्ष पद्धतीत याला सोपा उपाय आहे. एका लेखकाची एका वर्षातली दोन साधनं असली, की 1936अ आणि 1936ब असं लिहायचं आणि यादीत दोन्हींचा खुलासा करायचा. अ आणि ब ही अक्षरं कारकुनी वाटतात, पण एक साधा प्रश्न वाचकाच्या वतीने आधीच विचारून त्याचं उत्तर त्या अक्षरात ठेवलेलं असतं.

यालाच जोडून दुसरा गोंधळ. पन्नासावं अधिवेशन म्हणजे सुवर्णमहोत्सवी अधिवेशन, असं अनेक जण लिहितात. काँग्रेस स्थापन झाली 1885 मध्ये. पन्नास वर्षं पुरी झाली 1935 मध्ये, आणि सुवर्णमहोत्सव त्याच वर्षी साजरा झाला. मधल्या काळात काही वर्षी अधिवेशनंच झाली नाहीत, काही वर्षी जादा झाली, त्यामुळे अधिवेशनांचा आकडा आणि वर्षांचा आकडा जुळत नाही. पट्टाभि सीतारामय्यांनी लिहिलेला काँग्रेसचा इतिहास सुवर्णमहोत्सवानिमित्त 1935 मध्ये निघाला. म्हणजे त्या पहिल्या खंडात फैजपूर असणंच शक्य नाही, ते पुढे 1947 मध्ये निघालेल्या दुसऱ्या खंडाच्या काळात येतं. टिपेत "सीतारामय्या, काँग्रेसचा इतिहास" एवढंच लिहिलं आणि खंड सोडला, तर जाणकार वाचकाला लगेच शंका येते, की या माणसाने पुस्तक उघडलं तरी होतं का. खंडाचा आकडा लिहायला दोन सेकंद लागतात. तो न लिहिल्याने गेलेला विश्वास सगळ्या निबंधात परत मिळत नाही.

आता जरा अडचणीचा प्रश्न. फैजपूर खेडं होतं का?

फैजपूरच्या माणसाला हा प्रश्न आवडणार नाही, कारण पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचा मान आपला. तो मान कुठे जात नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा. ब्रिटिश काळातल्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये फैजपूरची नोंद गाव म्हणून नाही, शहर म्हणून आहे, आणि कापडावरच्या छपाईसाठी, रंगकामासाठी ते नावाजलेलं होतं. म्हणजे सरकारच्या दफ्तरी ते शहर, आणि काँग्रेसच्या दृष्टीने खेडं. मग कोण खरं? इथे निबंध लिहिणारे दोन चुका करतात. काही जण गॅझेटियर सापडल्यावर एकदम विजयाने लिहितात, की फैजपूर खेडं नव्हतंच. काही जण गॅझेटियर बाजूला ठेवून देतात. आम्हाला वाटतं, प्रश्न जरा वळवून विचारावा: 1936 मध्ये "खेडं" हा शब्द कोण, कशासाठी वापरत होतं? गॅझेटियर लिहिणाऱ्याला करवसुली आणि कारभार दिसत होता. गांधीजींना काँग्रेस मुंबई, कलकत्ता, लाहोरच्या मंडपांतून बाहेर काढायची होती. लाहोर-मुंबईच्या तुलनेत फैजपूर खेडंच. एकाच जागेला दोन नावं, आणि दोन्ही खरी. या परिच्छेदाला दोन टिपा लागतील, एक गॅझेटियरची आणि एक गांधीजींच्या लेखनाची. प्रश्न नीट विचारला की टिपा कुठे लावायच्या हे आपोआप कळतं. टिपा सुचत नसतील तर बहुतेक वेळा प्रश्नच भोंगळ असतो.

तिसरं उदाहरण अंकगणिताचं. बिपन चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'इंडियाज स्ट्रगल फॉर इंडिपेंडन्स' हे 1988 सालचं पुस्तक स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या घरी आहे. त्यात अशी माहिती आहे, की काँग्रेस अधिवेशनासोबतच फैजपूरला अखिल भारतीय किसान काँग्रेसचं दुसरं अधिवेशन झालं, अध्यक्ष एन. जी. रंगा होते, आणि पाचशे शेतकरी मनमाडहून 200 मैलांहून जास्त चालत, वाटेत लोकांना आपले हेतू समजावत फैजपूरला पोचले. फैजपूरला त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, कॉम्रेड डांगे अशी मंडळी होती.

खानदेशातला वाचक इथे थबकतो. मनमाड ते भुसावळ रेल्वेने 185 किलोमीटरच्या आसपास. तिथून फैजपूर आणखी पंचवीस-तीस. सगळं मिळून सव्वादोनशे किलोमीटरही होत नाही. मैलांत सांगायचं तर 130-135. आणि पुस्तकात 200 मैल, म्हणजे 320 किलोमीटरहून जास्त. फरक थोडाथोडका नाही.

आता या फरकाचं काय करायचं? "बिपन चंद्र यांना भूगोल माहीत नव्हता का?" असं लिहायचं? हा प्रश्न नाही, हा टोमणा झाला. आकडा मुकाट्याने सोडून द्यायचा? तीही लबाडी. खरा प्रश्न असा निघतो: ही पदयात्रा कोणत्या वाटेने गेली? वाटेत लोकांना समजावत जायचं होतं, तर ती रूळ धरून सरळ आली नसणार, गावागावांतून वळणं घेत आली असेल, मग 200 मैल सहज होतील. किंवा कुणीतरी अंदाजाने गोल आकडा सांगितला आणि तो छापला गेला. दोन्ही शक्यता तपासता येतात. त्या महिन्यातली वर्तमानपत्रं, पोलिसांचे गुप्त अहवाल, किसान सभेची पत्रकं, यांत मुक्कामांची नावं मिळाली की नकाशावर रेघ ओढायची आणि मोजायचं. हा प्रश्न दिल्लीत बसलेल्या अभ्यासकाला सुचायला उशीर लागेल. पाचोरा, जळगाव, भुसावळ या रस्त्यावर एसटीने जाणाऱ्याला तो पहिल्या वाचनात सुचतो. स्थानिक माणसाने इतिहास लिहिण्याचा फायदा हा आहे. आणि असा प्रश्न निबंधात मांडताना ज्या पानामुळे तो पडला त्या पानाची टीप प्रश्नाखाली द्यायची. म्हणजे "प्रश्नाला कसली टीप?" याचं उत्तर मिळालं. प्रश्न जिथून उगवला त्या जमिनीचा सातबारा म्हणजे ती टीप.

चौथं उदाहरण छोटं आहे. टिळकनगर कोणी उभारलं? सगळे म्हणतात, नंदलाल बोस यांनी. बांबू, चटया, गवत, गावात मिळणारं सामान वापरून त्यांनी केलेली रचना गाजली, आणि पुढे 1938 मध्ये हरिपुऱ्याला त्यांनी केलेली चित्रं तर सर्वश्रुत आहेत. पण फैजपूरच्या प्रदर्शनातलं गांधीजींचं भाषण वाचलं तर त्यात श्रेय देताना दोन नावं आहेत, चित्रकार नंदलाल बोस आणि वास्तुविशारद म्हात्रे. दुसरं नाव हळूहळू गळून गेलं. "कोणी उभारलं?" हा प्रश्न पुन्हा मूळ कागदापाशी जाऊन विचारला, म्हणून ते परत सापडलं. आणि त्याच प्रश्नाच्या पुढे, बांबू कुणी तोडले, चटया कुणी विणल्या, खड्डे कुणी खणले, हेही विचारता येईल. तिथे भाषण पुरणार नाही. खर्चाच्या वह्या, मजुरीच्या नोंदी शोधाव्या लागतील. आणखी एक बारकावा: भाषण डिसेंबर 1936 चं, पण 'हरिजन'मध्ये ते छापलं गेलं जानेवारी 1937 मध्ये. टिपेत कोणती तारीख? दोन्ही. बोलल्याची वेगळी, छापल्याची वेगळी. नाहीतर पुढचा कुणीतरी अधिवेशनच 1937 मध्ये नेऊन ठेवतो.

इथवर प्रश्न कसा विचारायचा ते झालं. आता प्रश्नचिन्हाकडे येऊ. हे चिन्ह मराठीत मूळचं नाही. मोडी लिपीतल्या जुन्या पत्रांत प्रश्नचिन्ह नाही, स्वल्पविराम नाही, वाक्य कुठे संपलं तेही अर्थावरून ठरवायचं. छापखाने आले, पाठ्यपुस्तकं आली, आणि मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक 1850 चं.

याचा संदर्भपद्धतीशी थेट संबंध आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली. खानदेशला तर राजवाडे परके नाहीत. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यात गेले, आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांच्यासारख्या संपादकाने छापलेलं एखादं जुनं पत्र तुम्ही वाचता आणि त्यात प्रश्नचिन्ह दिसतं, तेव्हा स्वतःला विचारा, हे चिन्ह कुणाचं? पत्र लिहिणाऱ्याचं नक्कीच नाही. ते संपादकाने अर्थ लावून घातलं. तो अर्थ बरोबर असेलही. पण "अमुक सरदाराने अमुक प्रश्न विचारला" असं लिहिताना आपण संपादकाच्या भरवशावर आहोत, हे टिपेत कळायला हवं.

याहून नाजूक चिन्ह म्हणजे कंसातलं प्रश्नचिन्ह. अक्षर पुसट असलं, नाव नीट लागलं नाही, की संपादक त्या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो. त्याचा अर्थ, "मी असं वाचलं, पण खात्री नाही." विद्यार्थी उतारा घेतो आणि ते चिन्ह छपाईची चूक समजून गाळतो. झालं. एका प्रामाणिक माणसाने सांभाळून ठेवलेली शंका दुसऱ्याने आळसाने पुसली, आणि तिसऱ्याच्या पुस्तकात ती घटना म्हणून उभी राहिली. उताऱ्यातलं कंसातलं प्रश्नचिन्ह कधीही गाळू नका. आणि शंका तुमची असेल तर ती चौकोनी कंसात घाला, म्हणजे मूळ संपादकाची आणि तुमची शंका वेगळी राहील.

आता नियम. शिकागो, एमएलए, एपीए अशा पद्धती आहेत. शिकागोची नियमावली 1906 पासूनची. त्याच विद्यापीठात प्रबंध तपासणाऱ्या केट तुराबियन यांनी विद्यार्थ्यांसाठी तिची सोपी पुस्तिका केली ती 1937 मध्ये, म्हणजे फैजपूरच्या लगेच नंतर. तुमचं विद्यापीठ जी पद्धत सांगेल ती घ्या, पण एक घेतली की शेवटपर्यंत तीच. प्रश्नांच्या बाबतीत चार गोष्टी सगळीकडे उपयोगी पडतात.

पहिली, आडून विचारलेल्या प्रश्नाला प्रश्नचिन्ह लागत नाही. "अधिवेशनासाठी फैजपूरच का निवडले गेले, हे या निबंधात पाहायचे आहे." इथे "का" आहे म्हणून हात आपोआप प्रश्नचिन्हाकडे जातो. जाऊ देऊ नका. हे विधान आहे, पूर्णविराम द्या.

दुसरी, अवतरणचिन्हाच्या आत की बाहेर. प्रश्न मूळ लेखकाचा असेल तर प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत. प्रश्न तुमचा आणि उद्धृत केलेले शब्द साधे असतील तर बाहेर. उदाहरणार्थ, फैजपूरला सरसकट "पहिले ग्रामीण अधिवेशन" म्हणता येईल का, असं थेट विचारायचं झालं, तर अवतरण "अधिवेशन" शब्दावर संपेल आणि प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येईल. चिन्ह चुकून आत गेलं, तर शंका तुमची असूनही ती मूळ लेखकाच्या नावावर जाते. एवढ्याशा टिंबामुळे माणसाच्या तोंडी न बोललेलं घातलं जातं.

तिसरी, टिपेचा आकडा. तळटीप देत असाल तर आकडा प्रश्नचिन्हाच्या नंतर येतो. कंसात लेखक-वर्ष देत असाल आणि प्रश्न तुमचा असेल, तर कंस आधी आणि प्रश्नचिन्ह शेवटी. उद्धृत प्रश्नाचं चिन्ह अवतरणातच राहतं, मग कंस, मग पूर्णविराम.

चौथी, ज्या ग्रंथाचं नावच प्रश्न आहे तो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 1946 सालचा ग्रंथ घ्या, मराठीत 'शूद्र पूर्वी कोण होते?' या नावाने तो माहीत आहे. मूळ इंग्रजी नावात प्रश्नचिन्हानंतर उपशीर्षक आहे, शूद्र चौथा वर्ण कसे झाले ते सांगणारं. एरवी नाव आणि उपशीर्षक यांच्यामध्ये आपण विसर्ग-चिन्हासारखी दोन टिंबं देतो. इथे प्रश्नचिन्ह आहे, तर ती टिंबं द्यायची नाहीत. आणि यादीत नाव प्रश्नचिन्हाने संपत असेल तर त्यापुढे पुन्हा पूर्णविराम द्यायचा नाही.

पण त्या ग्रंथाचं उदाहरण टिंबांसाठी नाही घेतलं. प्रश्न कसा विचारावा याचा तो धडा आहे. मुखपृष्ठावर प्रश्न, आणि प्रस्तावनेतच उत्तराचा सारांश, मुद्दे घालून. शूद्र हे मूळचे क्षत्रियांतले, आर्यांत एके काळी तीनच वर्ण होते, शूद्र राजे आणि ब्राह्मण यांच्यात दीर्घ संघर्ष झाला, त्यातून उपनयन नाकारलं गेलं आणि खालचा दर्जा आला, अशी मांडणी आधी सांगून मग शेकडो पानं पुरावा. त्या उत्तराशी कुणी वाद घालू शकतो, अनेकांनी घातला. वाद घालता येतो, कारण लेखकाने उधारी कुठे लपवली नाही. प्रश्न, उत्तर, आधार, तिन्ही उघड्यावर. तो ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला आहे. आणि जोतीरावांचं 1873 चं 'गुलामगिरी' तर जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातच आहे. त्यातलं वाक्य उद्धृत करताना ते विचारणाऱ्याचं की उत्तर देणाऱ्याचं, हे सांगितलं नाही तर धोंडीबाची शंका जोतीरावांचं मत म्हणून छापली जाते.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला सगळ्यात जिव्हाळ्याचा.

1936 मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज असतील तर नव्वदीच्या पार गेलेली आहेत. ज्यांनी टिळकनगर डोळ्यांनी पाहिलं ती पिढी जवळजवळ संपली. आता आपण विचारतो ते मुलांना आणि नातवंडांना. म्हणजे आपल्याला मिळते ती पाहिलेली आठवण नाही, ऐकलेली आहे. तिला मोल आहे, पण टिपेत ती ऐकलेली आहे असंच लिहायचं. मुलाखत कोणाची, कुठे, कोणत्या तारखेला, आणि त्यांना हे कोणाकडून कळलं. नाव द्यायला परवानगी घ्यायची.

आणि विचारताना काय विचारायचं? "तुमच्या आजोबांनी अधिवेशनात मोठं काम केलं ना?" असं विचारलं, की समोरचा भला माणूस "हो ना" म्हणतो. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? असा "ना" लावलेला प्रश्न म्हणजे उत्तर आपणच घेऊन गेलो आणि त्यांच्याकडून सही घेऊन आलो. त्याऐवजी, "अधिवेशनाचं घरात काय सांगायचे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग कुणी सांगेल, घरातली बैलजोडी गेली होती. कुणी सांगेल, भाकरी करून दिल्या होत्या. कुणी सांगेल, काहीच सांगत नसत, घरात त्या वर्षी वेगळीच अडचण होती. तेही लिहून घ्या. लेवा बोलीत सांगितलं तर लेवा बोलीतच लिहा, सुधारून प्रमाण करू नका. आणि टिपणात आपला प्रश्नही जसाच्या तसा ठेवा. प्रश्न गाळून नुसतं उत्तर छापलं तर वाचकाला कळत नाही, की ते उत्तर आपणहून आलं की ओढून काढलं.

पाहा, यात काय पणाला लागलं आहे. नेहरूंचं भाषण कुठे जात नाही, ते छापलेलं आहे. धनाजी नानांचं नाव फैजपूरच्या महाविद्यालयावर आहे, तेही राहील. जाईल ती बैलजोडी, त्या भाकऱ्या, ते मजूर. त्यांची नोंद आपल्या टिपेतच होणार आहे, दुसरीकडे नाही. आपण "कोणाला आठवत नाही?" असं लिहून मोकळे झालो, तर ज्यांना खरोखर आठवत होतं त्यांना विचारायचं राहूनच जातं.

निबंध किती मोठ्या प्रश्नावर असावा, असं विचारतात. लहान घ्या. "फैजपूरच्या ठरावाचे पुढे काय झाले?" हा प्रश्न जन्मभर पुरेल. त्याऐवजी असं घ्या: फैजपूरच्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतसारा आणि खंड कमी करणं, कर्जाचा भार हलका करणं, वेठ बंद करणं, शेतमजुराला पोटापुरती मजुरी अशी कलमं होती. मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर 1939 मध्ये कुळकायदा आणि शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. ठरावातली कोणती कलमं या दोन कायद्यांत उतरली, आणि शेतमजुराच्या मजुरीचं काय झालं? तीन कागद शेजारी ठेवले की उत्तर मिळतं, आणि प्रत्येक ओळीला टीप देता येते. उत्तर सुखाचं असेलच असं नाही, पण ते तुमचं असेल.

सुरुवातीला सांगितलेलं ते मधलं वाक्य आता पुन्हा लिहू या. "एवढ्या दुर्गम खेड्यात लोकसहभागाशिवाय हे शक्य झाले असते का?" याऐवजी: "टिळकनगर उभारण्यासाठी आसपासच्या कोणत्या गावांतून माणसे, बैल आणि सामान आले, याची नोंद कोठे मिळते, हे या प्रकरणात पाहिले आहे." वाक्य थोडं रुक्ष झालं, हे कबूल. टाळी पडणार नाही. पण याच्या शेवटी पूर्णविराम आहे, पुढे टीप देता येते, आणि जी गावं सापडतील त्यांची नावं कायमची लागतील.

घरी गेल्यावर एक करा. तुमच्या निबंधातली सगळी प्रश्नचिन्हं लाल शाईने गोल करा. प्रत्येकासमोर लिहा, याचं उत्तर कोणत्या कागदात आहे किंवा कोणाला विचारायचं आहे. ज्याच्यासमोर काही लिहिता आलं नाही, तो प्रश्न खोडा. ज्याच्यासमोर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आलं, तिथे मात्र उशीर करू नका. कागद पुढच्या वर्षीही कपाटात सापडेल.